व्हॅक्युम मशीनचा कौल

"भाई, कोल्हापूरचो माणूस आणूक नको. ह्या मशीनाची नाडी माका म्हायत आसा!" असं चंदनने मंगळवारी दुपारी छाती पुढे काढून सांगितलं, तेव्हा नांदगावच्या त्या काजू फॅक्टरीतल्या दहा बायकांनी हातातलं काम थांबवून त्याच्याकडे पाहिलं. अकराव्या बाईने पाहिलं नाही. ती किशोरी. आणि चंदनची छाती पुढे आली होती ती नेमकी तिच्यासाठी, हे सगळ्यांना माहीत होतं. तिलाही!

आता चंदन म्हणजे कसा माणूस, ते आधी सांगायला हवं. वय एकोणतीस, आयटीआयचा फिटर, हाताला अगदी बरा, पण डोकं कायम ढगात! फॅक्टरीतलं व्हॅक्युम पॅकिंगचं मशीन त्याच्या ताब्यात होतं. मशीनसमोरच्या खिडकीतून रेल्वेचा रूळ दिसायचा. नांदगावला न थांबणाऱ्या गाड्या काजूच्या झाडांमागून सुळकन निघून जायच्या आणि चंदनही त्यांच्याबरोबर मडगावपर्यंत जाऊन यायचा. जागचा न हलता! तो माघारी येईपर्यंत टेबलावर आठ-दहा पिशव्या साचलेल्या असायच्या आणि शेजारी वजनकाट्यावर बसलेली किशोरी पेनाने टेबल वाजवत असायची. "इलंस काय रे फिरान?" एवढंच ती म्हणायची. ते चार शब्द चंदनला संध्याकाळपर्यंत पुरायचे.

मशीन तसं साधं. एक लोखंडी पेटी आणि तिच्यावर जाड पारदर्शक झाकण. काजूगरांची पिशवी आत ठेवायची, झाकण दाबायचं, की पंप पेटीतली हवा ओढून घेतो, पिशवीचं तोंड चिकटतं, मग बाहेरची हवा आत येते आणि झाकण आपोआप वर उठतं. ह्या सगळ्याची राखण करणारे दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह पॅनेलच्या मागे बसवलेले, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. व्हॉल्व्ह म्हणजे हवेच्या वाटेवरचं दार. त्याच्या डोक्यावर तांब्याच्या तारेची गुंडाळी. तिच्यात वीज आली की ती लोहचुंबक होते, आतला दांडा टक्कन वर उचलते आणि दार उघडतं. वीज गेली की स्प्रिंग दांड्याला खाली ढकलते. दार बंद! उजवा व्हॉल्व्ह पंपाकडचं दार उघडायचा, तो ओढणारा. डावा बाहेरची हवा आत घ्यायचा, तो सोडणारा. म्हणजे झाकण दाबलं की आधी उजवीकडे टक, मग पंचवीस सेकंदांनी डावीकडे टक, आणि लगेच फुस्स! दिवसातून चारशे वेळा हेच. त्या फुस्सबरोबर चंदनचेही डोळे मिटायचे, कारण हवा आत येताना कुणीतरी दिवसभराचं काम संपवून अंगणात टेकल्यासारखं त्याला वाटायचं.

पण ह्या टकचं पुढे भलतंच झालं, आणि ते केलं शेवंतीकाकीने. काकी फॅक्टरीतली सगळ्यांत जुनी बाई. काजूगर निवडायच्या टेबलावर तिचा शब्द भाईंच्याही वर चालायचा, आणि भाई तर फॅक्टरीचे मालक! एका सकाळी काकीची म्हैस हरवली होती. निवडता निवडता ती स्वतःशीच पुटपुटली, "गावात काय गो माजी म्हस?" म्हणजे, सापडेल का म्हैस. त्याच क्षणी चंदनने झाकण दाबलं आणि उजवीकडे स्वच्छ वाजलं, टक!

काकीचे हात थांबले. देवाच्या पाषाणाला पाकळ्या लावून आपण कौल घेतो, उजवी पाकळी पडली की होय आणि डावी पडली की नाही, हे काकीच्या रक्तातच होतं. "उजवो दिल्यान गो!" ती ओरडली. आणि संध्याकाळी म्हैस घरी आली! म्हशी संध्याकाळी घरी येतातच म्हणा. पण काकीला हे सांगणार कोण?

त्या दिवसापासून मशीनला प्रश्न सुरू झाले. झील, म्हणजे मुलगा, पास होईल काय? जावई गणपतीला येईल काय? आज बाजारात बांगडो गावात काय? मशीन उजवाच कौल द्यायचं, आणि बायका खूश होऊन दुप्पट वेगाने काजू निवडायच्या. जे खरं झालं ते लक्षात राहिलं. जे झालं नाही, त्यात विचारणाऱ्याचीच काहीतरी चूक निघाली. भाईंचा असल्या गोष्टींवर अजिबात विश्वास नव्हता. फक्त एकदा ते सकाळी कुणी यायच्या आत हळूच मशीनपाशी गेले, काहीतरी पुटपुटले, झाकण दाबून कान लावून उभे राहिले आणि दुपारी कणकवलीला जाऊन जुना टेम्पो घेऊन आले.

मशीन आधी डावा कौल देऊच शकत नाही, हे एकट्या चंदनला ठाऊक होतं, निदान त्याची तशी समजूत होती. आधी ओढायचं आणि मग सोडायचं, ही त्याची घडणच! पण चंदनने हे कुणाला सांगितलं नाही. सुरुवातीला गंमत म्हणून सांगितलं नाही, आणि नंतर त्याच्या मनात एक बेत तयार झाला म्हणून.

बेत किशोरीचा होता. दोन वर्षं तो तिच्या हाताभर अंतरावर बसत होता आणि दोन वर्षांत त्याने तिला "पिशवी दी" आणि "वजन बघ" यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. मनात मात्र त्याने तिला सगळं सांगून झालं होतं. मनातल्या मनात ते दोघे देवगडच्या वाळूवर चालून आले होते, मनातल्या मनात त्यांनी घराला निळा रंग द्यायचा की पिवळा, यावर भांडणही केलं होतं. त्यात किशोरी जिंकली होती. घर निळं ठरलं होतं. पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ! शेवटी सोमवारी त्याने सगळा धीर गोळा करून शेवंतीकाकीला मध्ये घातलं.

काकीने उशीर केला नाही. दुपारच्या डब्याला, सगळ्या बायकांच्या देखतच, तिने किशोरीला विचारलं, "गो, आमच्या चंदनाक तू व्हयी आसस. तुजा काय म्हणणा?"

किशोरीने हातातला भाकरीचा तुकडा शांतपणे संपवला. मग म्हणाली, "मशीनाक इचारा. उजवो दिल्यान तर माजा व्हय. डावो दिल्यान तर मगे ह्या विषयार माज्याकडे कोणी येवचा नाय!"

खिडकीआड उभ्या असलेल्या चंदनने हे ऐकलं. मशीनाक इचारा! म्हणजे झालंच की! जगात एवढ्या गोष्टी असताना तिने नेमकी ती निवडली, जिचं उत्तर आधीच ठरलेलं होतं! बुधवारी सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांसमक्ष कौल लावायचा ठरला. चंदन त्या दिवशी घरी चालत गेला, सायकल फॅक्टरीतच विसरून.

मंगळवारी मात्र एक बारीकशी अडचण आली. उजव्या व्हॉल्व्हचा टक नीट वाजेना. काजूची पूड आत गेली असावी. दांडा उचलला जात होता, पण आवाज असा यायचा की कुणीतरी तोंडात घास ठेवून बोलतंय. असा पुटपुटणारा कौल काय कामाचा? उद्या काकीला तो ऐकूच आला नाही तर? भाई म्हणाले, कोल्हापूरच्या कंपनीचा माणूस परवा येतोय, तोवर हात लावू नको. तेव्हा चंदनने मघाचं ते नाडीचं वाक्य म्हटलं.

दुपारी त्याने मेन स्विच बंद केला, पॅनेल उघडलं आणि दोन्ही गुंडाळ्यांवरचे वायरींचे प्लग काढले. दांडे बाहेर घेतले, मऊ फडक्याने पुसले, स्प्रिंगा फुंकल्या, पुन्हा बसवल्या. काम उत्तम झालं, ते नाकारता येणार नाही. राहिले होते फक्त प्लग. दोन्ही काळे, दोन्ही चौकोनी, जुळ्या भावांसारखे. उजव्या व्हॉल्व्हचा उजव्या हातात, डाव्याचा डाव्या हातात. खूण करून ठेवायला हवी होती, हा विचार त्याच्या मनात आला. खरंच आला! पण त्याच वेळी रुळावरून एक गाडी लांब शिट्टी देत गेली आणि चंदन तिच्यात चढला.

ह्या खेपेला गाडी मडगावला गेली नाही. ती थेट किशोरीच्या अंगणातल्या मांडवात जाऊन थांबली. मांडवाला आंब्याचे टहाळे लावले होते. शेवंतीकाकी आचाऱ्याला ओरडत होती. उन्हाचे कवडसे किशोरीच्या हिरव्या चुड्यावर पडत होते आणि ती त्याच्या उजव्या बाजूला पाटावर बसली होती, पेन न वाजवता! सनई कुठूनतरी लांबून, पाण्याखालून आल्यासारखी येत होती. सप्तपदी झाली आणि भटजी म्हणाले, "आता नवरीने उजवीकडून डावीकडे यायचं." किशोरी उठली. पदर सावरत त्याच्या समोरून हळूच डावीकडे आली. चंदनने तिला जागा करून दिली. एवढ्या लोकांत तिला अवघडायला नको, म्हणून त्याने अगदी मायेने, दोन्ही हात इकडचे तिकडे करून जागा करून दिली.

"चंदन! झाला काय रे?" भाईंची हाक आली.

"झालाच, भाई!" म्हणत चंदनने दोन्ही प्लग दाबले आणि स्क्रू पिळले. हसतच पिळले. मशीन चालू करून बघणार, तेवढ्यात लाईट गेली. ती साडेपाचपर्यंत आलीच नाही, आणि सगळे घरी गेले.

बुधवारची सकाळ मोठी सुरेख होती. शेतांवर धुकं होतं, काजूला मोहोर आला होता आणि त्याचा वास पार रस्त्यापर्यंत येत होता. चंदन इस्त्रीचा शर्ट घालून अर्धा तास आधी येऊन बसला होता. किशोरी रोजच्याच साडीत आली. पण आज तिने केसांत अबोलीचा वळेसर माळला होता, आणि चंदनने तो पाहून न पाहिल्यासारखं केलं, म्हणजे एकूण सहा वेळा पाहिला.

काकीने मशीनच्या पेटीत पिशवीच्या जागी विडा ठेवला, दोन पानं आणि एक सुपारी. मग पदर डोक्यावर घेऊन हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाकीच्या बायका एका सुरात म्हणाल्या.

"आज ह्यो चंदन तुज्यासमोर उभो आसा. तेच्या मनात ह्या चेडवाक, किशोरीक, घरात आणूचा आसा. पोरगो जरा खुळो आसा, पण मनान बरो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"खुळो" या शब्दालाही सगळ्यांनी एवढ्या जोरात होकार द्यायची गरज नव्हती, असं चंदनला वाटलं. पण आज त्याला कशाचंच वाईट वाटणार नव्हतं.

"तर ही सोयरीक जावक व्हयी आसात, तर उजवो कौल दी रे म्हाराजा!"

चंदनने डोळे मिटून, अगदी अलगद झाकण दाबलं.

टक!

आवाज काय स्वच्छ होता! घंटेसारखा खणखणीत! फक्त तो डावीकडून आला.

 खिडकीबाहेर एक कावळा ओरडला आणि मध्येच थांबला. झाकण आपलं आपण वर उठलं. विडा होता तसाच होता.

"रवा, रवा!" चंदन हाताने सगळ्यांना थांबवत म्हणाला. "झाकण नीट बसला नाय!" त्याने पुन्हा दाबलं. टक! पुन्हा डावीकडे!

"डावो," काकी म्हणाली. तिचा आवाज एकदम म्हातारा झाला होता.

 किशोरी हळूच वजनकाट्यामागच्या स्टुलावर जाऊन बसली. चंदनने तिसऱ्यांदा झाकण दाबलं आणि ह्या वेळी दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून दाबून धरलं. डावीकडे टक झालंच. पंप गुरगुरत राहिला, पण हवा काही ओढली जाईना. पंचवीस सेकंद गेले. चंदनच्या कपाळावरून घाम झाकणावर पडला. आणि मग उजवीकडे आवाज झाला, टक!

"उजवो! उजवो दिल्यान!" चंदन नाचायच्या बेतात होता. त्याने हात काढले. आता फुस्स होऊन झाकण उठायला हवं होतं. ते उठलं नाही. उलट कुईं करत आणखी खाली रुतलं. चंदनने लाल बटण दाबलं. ते बटण म्हणजे सोडायचं बटण. पण ते दाबलं की मशीन आणखी जोरात ओढायचं! आतली विड्याची पानं मलूल झाली. तिघी बायकांनी मिळून झाकण उपसायचा प्रयत्न केला, तर सगळं मशीनच जमिनीवरून उचललं गेलं. झाकण जागचं हललं नाही.

काकी कमरेवर हात ठेवून हा देवाचा संकेत वाचत होती. "पयले दोन येळा नको म्हटल्यान," ती सावकाश म्हणाली. "मगे व्हय म्हटल्यान. पण आता धरल्यान ता सोडूक तयार नाय. देव काय सांगता समाजला मां? लगीन नको. आनि केलास, तर मगे सुटका नाय!"

"ता तर माजा पण झाला हा," मागून काजू निवडणारी रूपाली म्हणाली, आणि तिच्या लग्नाला दोनच वर्षं झाली होती.

एवढ्यात भाई आले. मशीनची ती अवस्था पाहून त्यांनी आधी डोक्याला हात लावला आणि मग कोल्हापूरच्या कंपनीच्या माणसाला फोन लावला. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि घसा साफ करून ते शुद्ध मराठीत शिरले. "नमस्कार, दीपेशजी. आमचं मशीन जरा विचित्र वागत आहे. ओढायच्या वेळी ओढत नाही आणि सोडायच्या वेळी सोडत नाही."

"व्हॉल्व्हला कुणी हात लावला होता का?" दीपेशने विचारलं.

अकरा बायका आणि भाई, सगळे चंदनकडे बघायला लागले. चंदन टेबलाखालच्या जमिनीकडे बघायला लागला.

"हो," तो म्हणाला. "काल... साफ केले."

"मग प्लग उलटे लावलेत तुम्ही! उजव्याचा डाव्याला, डाव्याचा उजव्याला. म्हणून ओढ म्हटलं की सोडतंय आणि सोड म्हटलं की ओढतंय. काही घाबरू नका. प्लग बदला, मग लाल बटण दाबा."

चंदनच्या जिवात जीव आला. वायरी उलट्या! म्हणजे कौल डावा नव्हताच! तो आनंदाने किशोरीकडे वळला, आणि थबकला. किशोरी उभी राहिली होती. तिचं तोंड लालबुंद झालं होतं.

"म्हणजे काल तू एकटो बसान वायरी फिरवलंस?"

"फिरवलंय म्हणजे... तां..."

"तुका म्हायत होता मशीन आधी उजवोच देता म्हणान! आनि आदल्या दिसा तू वायरी फिरवलंस!"

"तुका..." चंदन एकदा मशीनकडे आणि एकदा तिच्याकडे बघायला लागला. "तुका कसा म्हायत, उजवोच देता ता?"

"दोन वर्सा त्या मशीनाच्या बाजूक बसतंय मी! दिसाक चारशे येळा! माका कान नाय आसत?"

टेबलावरच्या फोनमधून दीपेशचा श्वास ऐकू येत होता. चंदनच्या डोक्यात काहीतरी हळूहळू, फार हळूहळू, वर उचललं जात होतं. तिला माहीत होतं. मशीन उजवाच कौल देणार, हे तिला आधीपासून माहीत होतं. आणि माहीत असताना ती म्हणाली होती, मशीनाक इचारा!

"म्हणजे सोमवारीच तू..."

"व्हय!" किशोरी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिला मुळीच आवडलेलं नव्हतं. "सगळ्यांसमोर व्हय कसा म्हणतलंय, म्हणान तसा म्हटलंय. माका वाटला, तुका समाजतला. आनि तू काय केलंस? तुका नको होता तर तोंडान सांगूचा होता रे! वायरी कित्याक फिरवलंस?"

चंदनला एकाच वेळी उडावंसं आणि विहिरीत उतरावंसं वाटलं. दोन वर्षं ज्या शब्दासाठी तो झुरत होता, तो शब्द त्याला परवाच मिळाला होता, आणि त्याने तो स्वतःच्या हाताने, स्क्रू पिळून, उलटा बसवला होता! आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अडचण एवढीच की खरं हे खोट्यापेक्षा फार लाजिरवाणं होतं.

"माका सपान पडलेला," तो म्हणाला.

"दुपारी?" भाईंनी विचारलं.

"दुपारी. जागेपणी. प्लग हातात होते..." चंदन किशोरीकडे बघत नव्हता, तो मशीनच्या स्क्रूंना सांगत होता. "आपला लगीन चलला होता. तुज्या अंगणात. हिरवो चुडो होतो तुज्या हातात. तू माज्या उजवीक बसलेलंस. मगे भटजी म्हणाले, नवरेन आता डावीकडे येवचा. तू उठलंस, माज्या फुडसून डावीकडे इलंस. तुका जागा व्हयी म्हणान मी... हात सरकवलंय."

त्याने हात कसे सरकवले तेही करून दाखवलं.

सगळ्यात आधी हसला तो कोल्हापूरचा दीपेश. मग रूपाली. मग सगळी फॅक्टरी अशी हसली की वरच्या पत्र्यावरची पाखरं उडाली. भाई खांबाला धरून हसले. एकटी किशोरी हसली नाही. ती चंदनकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिच्या चेहऱ्यावरचा राग उतरला. त्या जागी काय आलं, ते चंदनला वर बघायचा धीर झाला असता तर दिसलं असतं.

पण शेवंतीकाकीचं हसणं अर्ध्यावर थांबलं. "रवा गो! उजवोच देता म्हणजे? कायम?"

चंदनने मान खाली घातली.

"मेल्या!" काकी कडाडली. "तुका दोन वर्सा म्हायत होता? त्या मशीनाक इचारून मी सुनेक चार म्हयने म्हायेराक धाडलंय!"

"मी केस कापलंय!" रूपाली म्हणाली.

"आणि माझो टेम्पो?" भाईंच्या तोंडून निघून गेलं. त्यांचं शुद्ध मराठी कुठल्या कुठे पळालं होतं. टेम्पो गेले दोन महिने कणकवलीच्या गॅरेजमध्ये चाकांविना उभा होता. "शिरा पडो तुज्या तोंडार! सांगूचा नाय आधी?"

"तुमी इचारलास कधी?" चंदन म्हणाला. "आनि तुमचो तर विश्वासच नाय ना?"

भाई टेबलावरचा फोन उगाच सरळ करायला लागले. बायका मात्र ऐकेनात. प्रत्येकीला आपापला एकेक उजवा कौल आठवायला लागला होता आणि कालवा असा वाढला की आता मशीनच्या आधी चंदनचंच पॅनेल उघडलं जाणार होतं. तेव्हा किशोरीने पेन उचललं आणि टेबलावर जोरात वाजवलं.

"आधी त्येका मशीन सारका करू देवा," ती म्हणाली. "सुनेचा मगे बघू."

चंदनने प्लग काढले. ह्या वेळी रुळावरून दोन गाड्या गेल्या, पण तो एकीतही चढला नाही. उजव्याचा उजव्याला, डाव्याचा डाव्याला. लाल बटण दाबलं. फुस्स! झाकण हलकेच वर उठलं. काकीने आतला कोमेजलेला विडा काढून घेतला आणि सवयीने झाकण पुन्हा दाबलं. उजवीकडे टक झालं. आता सगळ्यांनाच कारण ठाऊक होतं, त्यामुळे कुणीच हात जोडले नाहीत.

"मशीनाचा झाला," किशोरी म्हणाली. ती स्टुलावरून उठून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली होती. "आता माका इचार. तोंडान."

झालं! हा क्षण चंदनने मनात शेकडो वेळा जगून घेतला होता. त्यासाठी त्याच्याकडे अप्रतिम वाक्यं तयार होती. त्यांत चांदणं होतं, वारा होता, अबोली तर समोरच होती. त्याने तोंड उघडलं. आणि आपल्याकडे माणूस फार घाबरला की त्याची जीभ आपोआप तहसील कचेरीत जाते, तशी त्याची गेली.

"आपण," चंदन म्हणाला, "आपण माझ्याशी विवाह करण्याची कृपा कराल का?"

किशोरीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओठ घट्ट मिटून पाहिलं, कारण ते उघडले असते तर हसू बाहेर पडलं असतं.

"अर्ज लिवन आण," ती म्हणाली.

आता कुणीही शहाणा माणूस इथे हसला असता. पण चंदनने "बरं" म्हटलं, डिस्पॅचच्या वहीतलं एक पान फाडलं आणि काजूच्या पोत्यावर बसून खरोखर अर्ज लिहायला घेतला! बायका त्याच्या खांद्यावरून वाकून वाचत होत्या. भाई फोनजवळ तोंड नेऊन दीपेशला हळू आवाजात सगळं सांगत होते. फोन बंद करायचं ना त्यांना सुचलं, ना त्याला.

अर्ज असा होता: "प्रति, कुमारी किशोरी, वजनकाटा विभाग. विषय: लग्नास होकार मिळणेबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती करतो की अर्जदार गेली दोन वर्षे आपल्या शेजारी कार्यरत असून त्याचे आपल्यावर मनापासून प्रेम आहे. काल वायरी उलट लागल्याबद्दल अर्जदार दिलगीर आहे. यापुढे स्वप्ने पाहताना हात मोकळे ठेवण्यात येतील. घराचा रंग आपल्या इच्छेप्रमाणे निळा राहील. तरी अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. आपला विश्वासू, चंदन."

किशोरीने अर्ज हातात घेतला. एकदा वाचला, मग पुन्हा वाचला. निळ्या घराजवळ ती जरा थांबली, कारण ह्या घराविषयी ती आजच पहिल्यांदा ऐकत होती. दोन ठिकाणी तिने दीर्घाचे ऱ्हस्व केले. मग मान खाली घालूनच म्हणाली, "तारीख खंय आसा? तारीख घालूक इसारलंस."

"चुकलो," चंदन म्हणाला.

तिने त्याच पेनाने अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात स्वतःच तारीख घातली, कागदाची नीट घडी केली आणि त्याच्या हातात ठेवून वजनकाट्यामागे जाऊन बसली. तिचे कान लाल झाले होते. काकीने पदर डोळ्यांना लावला. रूपालीने शेजारणीला चिमटा काढला. सगळी फॅक्टरी चंदन कागद कधी उघडतो, याची वाट बघत होती.

चंदनने कागद उघडला. तारीख वाचली. कपाळाला आठ्या घालून पुन्हा वाचली. मग तो तिच्या टेबलापाशी गेला आणि अतिशय नम्रपणे, पण चूक ती चूक अशा ठाम आवाजात म्हणाला, "आपण इथे दहा मे लिहिलं आहे. आज अकरा फेब्रुवारी आहे."

काकीने कपाळावर हात मारला. शेवटी टेबलावरच्या फोनमधून, थेट कोल्हापुराहून, आवाज आला.

"अहो चंदनराव, ती तारीख लग्नाची आहे!"